घोड्यावर बसायचे नाही

चार पाय, वर एक जाड फळी आणि पायांना एकमेकांत धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढाच माझा पसारा आहे, मित्रांनो. तुमच्या घरी मला स्टूल म्हणतील. पण ज्या कापडाच्या दुकानात माझे बहुतेक आयुष्य गेले, तिथे मला ‘घोडा’ म्हणत, कारण माझ्यावर चढून वरच्या फळ्यांवरचे कापडाचे तागे काढत. आता मी जुना झालो आहे. एक पाय लुळा पडला आहे आणि रंग कुठे उरला आहे ते शोधावे लागते. पण आठवण शाबूत आहे, म्हणून सांगायला बसलो आहे.

मला घडवले ते एका कमी बोलणाऱ्या सुताराने. त्याने फळीच्या कडा रंध्याने घासून गोल केल्या आणि चारही पाय जमिनीला सारखे टेकतात का ते पुन्हा पुन्हा पाहिले. मग त्याची बायको वाटाण्याच्या शेंगा सुपात घेऊन माझ्यावर येऊन बसली.

“डुगडुगतंय का?” त्याने विचारले.

“नाही. उठावंसंच वाटत नाही,” ती म्हणाली आणि सगळ्या शेंगा सोलून होईपर्यंत तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे माझ्यावर कोणी बसले नाही.

ते दुकान लांबट आणि अरुंद होते. एका बाजूला गिऱ्हाइकांसाठी गाद्यांच्या खुर्च्या आणि एक उंच आरसा, दुसऱ्या बाजूला लांबच लांब काउंटर आणि काउंटरच्या मागे छतापर्यंत फळ्या. खालच्या फळ्यांवर चादरी, मधल्यांवर सदऱ्यांचे कापड, अगदी वर पडदे आणि घोंगड्या. शेवटी एक छोटे गोदाम. काउंटरमागे सात बायका काम करत. सकाळी दुकान उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत त्या सातही जणी उभ्या असत. गोदामाच्या दारावर एक पाटी होती, सुवाच्य अक्षरात लिहिलेली: ‘दुकानात बसू नये.’ तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘श्वासही जपून घ्यावा.’

गंमत पाहा. माझ्यावर चढायला कोणाला बंदी नव्हती. चपला काढून त्या दिवसातून पन्नास वेळा माझ्यावर उभ्या राहत. बसायला मात्र कोणालाच परवानगी नव्हती. त्यामुळे मी माणसांना चेहऱ्यावरून कमी आणि तळव्यांवरून जास्त ओळखू लागलो. कोणाच्या टाचेला भेग आहे, कोणाचा अंगठा चपलेने कापला आहे, कोणाचे पाऊल दुपारनंतर जड होते, हे सगळे मला माहीत असे.

तुम्हाला वाटेल, या दुकानाचा मालक डोळे वटारणारा, ओरडणारा माणूस असेल. तसे मुळीच नव्हते. तो हळू आवाजात बोले. सगळ्या बायकांना ‘ताई’ म्हणे. कोणाच्या घरी आजारपण आले तर चौकशी करायला स्वतः जाई. न बसण्याचा नियम त्याच्या वडिलांच्या काळापासूनचा होता. ‘उभा माणूस कामाला तयार दिसतो,’ असे ते म्हणत, आणि मुलाने ते तसेच पुढे चालवले. तो स्वतः दाराजवळ उशी घातलेल्या खुर्चीत बसे.

सात जणींत सर्वांत मोठी होती गजबाई. हे तिचे खरे नाव नव्हे. तिचा हात म्हणजे कापड मोजायचा गजच आहे असे पूर्वी कोणी गिऱ्हाईक म्हणाले, आणि मग ते नाव तिला चिकटले. गप्पा मारता मारता ती हातानेच कापड मोजून कात्री लावी, आणि मागाहून मीटरपट्टी लावली तर बोटाच्या पेराएवढीही चूक निघत नसे. चोवीस वर्षे ती त्या काउंटरमागे उभी होती. नवीन बाई कामाला लागली की गजबाईच तिला शिकवी: तागा कसा उलगडायचा, घडी कशी घालायची, आणि “ताठ उभी राहा गं, रेलू नकोस.”

दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसे. मित्रांनो, काम असले की पाय दुखतात हे विसरायला होते. काम नसले की पायच तेवढे आठवतात. त्या वेळी सगळ्या जणी बगळ्यासारख्या या पायावरून त्या पायावर होत. गजबाई मला जवळ ओढून एक पाऊल माझ्या खालच्या पट्टीवर टेकवी. ते बसणे नव्हते, म्हणून चाले. तिची पोटरी माझ्या पायाला लागे. ती तव्यासारखी तापलेली असे.

पुढे एक जण काम सोडून गेली आणि तिच्या जागी एक बाई नव्याने लागली. तिला सगळ्या ‘नवी’ म्हणू लागल्या आणि तीन वर्षे झाली तरी ती नवीच राहिली. तिला नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. नवऱ्याच्या माघारी घरी दुसरे कोणी नव्हते, म्हणून शाळा सुटली की मुलगी दुकानात येई आणि गोदामात बसून अभ्यास करी. मालकाने त्याला कधी हरकत घेतली नाही. उलट पहिल्या दिवशी तिला लिहायला उजेड पुरतो का, हे त्यानेच पाहिले होते. त्या मुलीला प्रश्न फार पडत. गजबाईने तिचे नाव ‘शंका’ ठेवले, आणि ती गजबाईला ‘गजआजी’ म्हणू लागली.

मी रिकामा असलो की शंका गठ्ठ्यावर बसून मला टेबल करी आणि माझ्यावर वही ठेवी. माझ्या आयुष्यात पायांखेरीज दुसरे काही आले ते तेव्हा. तिची पेन्सिल घसघस चाले आणि मला गुदगुल्या होत.

एक दिवस ती वही घेऊन काउंटरपाशी आली. दुपारची वेळ होती.

“गजआजी, ‘जुलूम’ म्हणजे काय? अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचाय.”

“जुलूम म्हणजे छळ,” गजबाई म्हणाली. “लिही, राजाने प्रजेवर जुलूम केला.”

“ते चालणार नाही. सगळ्यांनी राजाच लिहिला म्हणून बाईंनी वह्या परत दिल्या. म्हणाल्या, राजा कोणी पाहिलाय का? स्वतः पाहिलेलं लिहा.”

सातही जणी हसल्या. कोणी म्हणाली, सासूबद्दल लिही. कोणी म्हणाली, नको गं, शाळेतून थेट घरी जाईल ते. शंकाने शब्दकोश उघडून अर्थ वाचला: “सत्तेच्या जोरावर दिलेला त्रास.” मग ती एकेक गोष्ट त्या अर्थावर घासून पाहू लागली.

“आई मला रोज पहाटे उठवते. तो जुलूम?”

“त्यात तुझंच भलं आहे. तो नाही.”

“बाई गृहपाठ देतात तो?”

“तोही नाही. तू शिकावंस म्हणून देतात.”

“मग तुम्हाला बसू देत नाहीत, त्यात कोणाचं भलं आहे?”

हसू तिथेच थांबले. कोणीतरी उगाच एका ताग्याची घडी मोडून पुन्हा घातली. गजबाई म्हणाली, “तो दुकानाचा नियम आहे, बाळ,” आणि माझ्या पट्टीवरचा पाय खाली घेतला.

शंका गोदामात गेली आणि माझ्यावर वही ठेवून बराच वेळ लिहीत राहिली. जाताना वही माझ्यावरच विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगड्यांचा गठ्ठा शोधत मालक गोदामात आला. वही उघडीच होती. त्याने सहज वाकून पाहिले. मग चष्मा नीट केला आणि पुन्हा पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणीतरी आपल्याच माणसाने ढकलून द्यावे, तसा तो दिसत होता. त्याने वही हळूच मिटली, माझ्यावर नीट ठेवली आणि नवीला आत बोलावले.

“ताई, मी तुमच्यावर जुलूम करतो?”

“लहान आहे ती, मालक. काहीतरी लिहिलं असेल.”

“लहान मुलं घरात ऐकतात तेच लिहितात.” तो दाराकडे वळला. “उद्यापासून तिला इकडे आणू नका.”

एवढेच तो म्हणाला. आवाजही चढवला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शंका गळ्यात किल्ली अडकवून शाळेतून एकटी घरी जाऊ लागली. घरात एकटीला भीती वाटे, म्हणून आई येईपर्यंत ती जिन्याच्या पायरीवर बसून राही. हे नवी काउंटरमागे हळू आवाजात सांगे, आणि सांगता सांगता तिचे कापड मोजायचे चुके. एकदा तिने पडद्याचे कापड हातभर कमी कापले. आता आपली नोकरी जाणार, ही धास्ती तिच्या पावलांतसुद्धा मला जाणवे. माझ्यावर चढताना तिचे तळवे गार असत.

गजबाई पहिल्यांदा नवीवरच चिडली होती. “माझा मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा या माणसानं त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. त्याच्याबद्दल असं लिहायचं?” पण दिवस जाऊ लागले आणि दुपार फार लांबली. कोणी काही विचारायला येईना. गजबाई चार वाजेपर्यंत दहा वेळा दाराकडे पाही.

आठवड्याने ती मला न्यायला गोदामात आली. वही अजून तिथेच, शेजारच्या गठ्ठ्यावर होती. नवीला ती उचलून न्यायचाही धीर झाला नव्हता. गजबाईने ती उघडली आणि पुटपुटत वाचली. मी तेव्हाच पहिल्यांदा ते ऐकले.

‘आमच्या दुकानातल्या घोड्यावर उभे राहता येते, पण बसता येत नाही. गजआजीचे पाय संध्याकाळी सुजतात. हा जुलूम आहे, पण मालक चांगले आहेत, म्हणून त्यांना ते माहीत नाही.’

गजबाईने वही मिटली. मला उचलले, काउंटरमागे आणून ठेवले आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. मला वाटले, आता ती बसणार. पण चोवीस वर्षांची सवय तशी सुटत नाही. ती माझ्या बाजूला सरकली, काउंटरला हात धरून हळूहळू खाली वाकली आणि फरशीवरच बसली.

“अहो, काय करताय?” नवी घाबरली. “मालक जेवून येतीलच.”

“येऊ देत.”

“पाटीवर लिहिलंय ना.”

“चोवीस वर्षं वाचतेय मी ती पाटी. आज डोळे दुखतायत.”

पहिल्यांदा कोणी हलले नाही. मग चादरींच्या भागातली एक जण बसली. मग तिच्या शेजारची. शेवटी नवी बसली. सातही जणी भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसल्या. मित्रांनो, त्या वेळी त्यांच्या तोंडून जो एक सुस्कारा निघाला, तो मी कधी विसरणार नाही.

मालक जेवून परत आला तेव्हा त्याला दुकान रिकामे दिसले. खुर्च्या, आरसा, कापड, आणि माणूस एकही नाही.

“ताई?” त्याने हाक मारली.

काउंटरमागून सहा डोकी वर आली. सातवे आले नाही.

“मालक, मी इथं खाली आहे,” गजबाईचा आवाज आला. “मला उठवत नाहीये.”

तिचे गुडघे आखडले होते. मालक काउंटरवर ओणवून पाहू लागला. तेवढ्याने भागेना, म्हणून काउंटरच्या टोकाची फळी उचलून तो आत आला. दुकान त्याचेच होते, पण कामाच्या वेळी काउंटरच्या या बाजूला येण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नसावी. कारण आल्या आल्या तो खाली पाहत थबकला.

“ही फरशी इथेच कशी झिजली?”

गजबाईच्या नेहमीच्या जागी दोन पावलांएवढे दोन खळगे पडले होते. बाकी सगळीकडे फरशीवर नक्षी होती, तिथे मात्र ती उरली नव्हती.

“मी इथं उभी असते ना,” ती म्हणाली.

त्याने तिला हात दिला. तिला उठता येईना आणि त्याला ओढता येईना. दोघेही कोलमडायच्या बेतात असताना नवीने मला ओढून पुढे केले. गजबाईने दोन्ही हात माझ्यावर रोवले, एक गुडघा सावरला, दुसरा सावरला, आणि वळून माझ्यावर बसली.

कोणी ‘उठा’ म्हणाले नाही. एक दमलेले माणूस संपूर्ण भार आपल्यावर टाकते तेव्हा काय वाटते, ते मी कसे सांगू? उभ्या माणसाचे वजन टोचते. बसलेल्या माणसाचे विसावते.

“ती वही तुम्ही वाचलीत ना?” गजबाईने विचारले.

“वाचली. म्हणजे, तो शब्द येईपर्यंत वाचली.”

“पुढं वाचा.”

नवी वही घेऊन आली. मालकाने उभ्या उभ्या ते वाक्य शेवटपर्यंत वाचले.

“मग हा जुलूमच म्हणायचा का, ताई?” त्याने हळूच विचारले. “मी कधी कोणाला वेडंवाकडं बोललो नाही.”

“नाही बोललात. तुम्ही माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन धावलात, म्हणून माझ्याही तोंडी तो शब्द येत नव्हता. पण माझे पाय दुखतात, एवढं साधं मला चोवीस वर्षांत तुम्हाला सांगता आलं नाही. तुमच्यासारख्या माणसालाही सांगता आलं नाही. याला दुसरा शब्द असेल तर तुम्हीच सांगा, मी तो म्हणेन.”

त्याने वही मिटली.

“वडील सांगून गेले, मी चालवत राहिलो,” तो म्हणाला.

“मलाही त्यांनीच सांगितलं होतं. मी या सगळ्यांना ‘ताठ उभ्या राहा’ म्हणत आले. माझाही हात आहे त्यात.”

त्या दिवशी आणखी काही झाले नाही. मालक आपल्या खुर्चीत जाऊन बसला. पुढचे चार दिवस तो कोणाशी कामापलीकडे बोलला नाही. बायका पुन्हा उभ्या राहू लागल्या आणि नवीने तर दुसरीकडे काम विचारायला सुरुवातही केली. पाचव्या दिवशी माझ्या सुताराचा मुलगा मोजपट्टी घेऊन आला. त्याने काउंटरची उंची घेतली, प्रत्येकीला शेजारी उभे करून मापे घेतली, आणि पंधरा दिवसांत माझी सात भावंडे दुकानात आली. थोडी उंच, पाय टेकायला पट्टी असलेली. गोदामाच्या दारावरची पाटी कोणी काढली ते कळले नाही. खिळा मात्र तिथेच राहिला आणि गजबाई त्यावर पिशवी अडकवू लागली.

एका दुपारी मालक नवीला म्हणाला, “तुमची मुलगी हल्ली दिसत नाही.”

“तुम्हीच नको म्हणाला होतात.”

“मग आता मीच या म्हणतो.” मग त्याने विचारले, “मी तिला रागावलो होतो, हे तिला माहीत आहे का?”

“माहीत आहे.”

“मग तिला सांगा, माझं चुकलं. नको, राहू द्या. मीच सांगतो.”

शंका दुसऱ्या दिवशी आली. मालक तिच्याशी गोदामात काय बोलला, ते मी ऐकले आहे, पण ते त्या दोघांचे आहे. तिच्या बाईंनी ती वही तपासून दिली तेव्हा तिने ती आम्हा सगळ्यांना दाखवली. वाक्याखाली लाल शाईने लिहिले होते: ‘उपयोग अगदी बरोबर. वाक्य एकच हवे होते.’ गजबाई इतकी हसली की मला तिला सांभाळावे लागले.

पुढची वर्षे भरभर गेली. दुकानात लोखंडी शिडी आली आणि माझे काम सुटले. मी गोदामात ओल्या भिंतीशी पडून राहिलो. माझ्या एका पायाला कीड लागली आणि माझ्यावर तुटके हँगर आणि रिकामी खोकी साठत गेली. कोणी वाईटपणाने केले नाही ते. मी फक्त दिसेनासा झालो होतो. गजबाई काम सोडून निघाली तेव्हा मालक तिला म्हणाला, “दुकानातलं काय हवं ते घेऊन जा.” सगळ्यांना वाटले, चांगले पडद्याचे कापड मागेल. ती गोदामात गेली, खोकी बाजूला केली आणि मला घेऊन बाहेर आली.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी असतो. माझ्या लुळ्या पायाला तिने पत्र्याची पट्टी ठोकून घेतली आहे. माझ्यावर बसून ती भाजी निवडते, वर्तमानपत्र वाचते, कधी नुसतीच बाहेर पाहते. लाकडाला एवढे पुरते, मित्रांनो. अधूनमधून फडका, ओलीपासून थोडी दूर जागा, आणि लुळा पाय वेळेवर दुरुस्त करणारे कोणीतरी.

माणसांचे इतके सोपे नसते. तुम्हीही शाळेत हा शब्द शिकाल, त्याचा अर्थ पाठ कराल, आणि राजाचे वाक्य लिहून मोकळे व्हाल. तसे करू नका. तुमच्या घरात, शाळेत, रोजच्या दुकानात जी माणसे गोड बोलतात, हसतात आणि दिवसभर तुमच्यासाठी उभी असतात, त्यांच्याकडे एकदा नीट पाहा. जवळ जाऊन विचारा, “पाय दुखतात का हो?” पहिल्यांदा ती ‘नाही’ म्हणतील. तेवढ्यावर निघून जाऊ नका. थोडे थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.